बाराशे ओहम

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी इनासकाकांचं नाव घेतो. आई-वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन मला शिकवलं, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर केलं. पण त्या पदवीचं पुढे करायचं काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मलाही. ते इनासकाकांनी दाखवलं. मुंबईतल्या मरोळ गावठाणात त्यांचं मोटारींच्या वायरिंगचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे घरापुढची पत्र्याची शेड. आत एकच गाडी मावायची. दुसरी आली तर ती बोळाच्या तोंडाशी, क्रुसाजवळ उभी राहायची. काका तिथलेच, मराठी बोलणारे ख्रिस्ती, ईस्ट इंडियन. त्यांचे आजोबा ज्या खाचरात भात लावायचे तिथे आता सतरा मजल्यांची इमारत आहे, आणि तिथल्या गाड्या दुरुस्तीला काकांकडे यायच्या. काका म्हणायचे, "पीक बदललं, शेत तेच."

मी परतूरहून आलो होतो, बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्सची फाइल घेऊन. मरोळच्याच औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत मुलाखत होती. ती इंग्रजीत सुरू झाली आणि पाच मिनिटांत संपली. बाहेर पडून दिशा न बघता चालत सुटलो आणि पाणी मागायला एका शेडपाशी थांबलो. आत एका गाडीच्या डॅशबोर्डखालून दोन पाय बाहेर आले होते. त्या पायांकडून आवाज आला, "इंटरव्ह्यूला आला होतास ना? बूट बघूनच कळलं. नाय झालं ना? फाइल ठेव खाली, टॉर्च धर." मी टॉर्च धरला. तो पुढे पाच वर्षं धरला.

राहायला त्यांनी घराचा पोटमाळा दिला. त्या घराची आठवण आली की मला आधी विमानं आठवतात. विमानतळ जवळ, त्यामुळे दर थोड्या वेळाने कौलांवरून एक विमान जायचं आणि घरातलं बोलणं थांबायचं. ते गेलं की ज्या शब्दावर थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू. कोणी "काय म्हणत होतो मी?" असं विचारायचं नाही. पहिले काही दिवस मला वाटायचं, ही माणसं किती विचार करून बोलतात. वर्षभरात मीही तसाच बोलायला लागलो. सुट्टीत गावी गेलो तर आई म्हणाली, "असं मधेच अडखळायला कधीपासून लागलास रे?" तिथे विमान नव्हतं, पण माझी सवय सोबत आली होती. अजूनही वर्गात शिकवताना खिडकीबाहेर ट्रक गुरगुरला तर मी थांबतो. मुलांना वाटतं, सर आता काहीतरी महत्त्वाचं सांगणार.

रेमेतकाकू, म्हणजे काकांच्या पत्नी, ठेंगण्या, कायम फुलाफुलांच्या गाऊनमध्ये आणि कायम कोणावर तरी चिडलेल्या. मे महिन्यात गच्चीवर मिरच्या वाळत पडायच्या. मग त्या भाजून, बाकीच्या मसाल्यांबरोबर कुटून तपकिरी बाटल्यांत दाबून भरायच्या. हा त्यांचा बॉटल मसाला. कांडण चालू असलेल्या दिवशी शेडमध्ये आम्ही दोघं शिंकत बसायचो आणि गिऱ्हाईक गाडीतून उतरता उतरता परत आत जाऊन काच वर करायचं. रविवारी चर्चमधून आल्यावर फुगे तळायच्या, लिंबाएवढे गोल आणि आतून पोकळ, आणि त्यांच्याबरोबर कोंबडीचा रस्सा. मी ज्वारीच्या मुलखातला. मासा म्हणजे पुस्तकातल्या चित्रात पाहिलेली वस्तू. पहिल्यांदा ताटात सुरमई आली तेव्हा कुठून सुरुवात करावी ते कळेना. काका म्हणाले, "बी.एस्सी.ला मासा वाचता येत नाय." काकूंनी माझं ताट ओढून घेतलं, काटे काढले, आणि परत सरकवलं. पुढे महिनाभर त्या तसंच करत होत्या.

कामाबद्दल थोडं सांगायला हवं. तेव्हा मध्यम गाड्यांनाही स्टिअरिंगवरच बटणं यायला लागली होती. आवाज वाढवायचं, कमी करायचं, गाणं बदलायचं, फोन उचलायचा. बाकीचे गॅरेजवाले ह्या बटणांना हात लावायचे नाहीत. स्टिअरिंगच्या चाकाच्या मधोमध एअरबॅग असते. चुकीच्या वायरीला मीटर लागला तर ती तोंडावर फुटायची भीती. काकांनी त्याचा नेम ठरवला होता. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची. मग घड्याळ लावून दहा मिनिटं थांबायचं, आत साठलेली वीज निचरून जाऊ द्यायची. मग एअरबॅग उतरवून, तोंड वर करून बाकावर ठेवायची. पिवळ्या वायरींना मीटर लावायचा नाही, आजन्म. त्यानंतर बटणांची पट्टी काढायची, मीटर ओहमवर, म्हणजे विजेचा रोध मोजायच्या खुणेवर ठेवायचा आणि दोन टोकांना दोन सळ्या लावून एकेक बटण दाबायचं. बटणं सहा असली तरी वायरी दोनच. प्रत्येक बटणामागे वेगळ्या आकड्याचा रोध बसवलेला असतो, आणि कोणतं बटण दाबलं हे गाडी त्या आकड्यावरून ओळखते. कॉलेजात तीन वर्षं रोध शिकलो होतो, तो काही कामाचा असतो हे मला शेडमध्ये कळलं. पण सगळ्यात आवडायची ती ती दहा मिनिटं. काकू चहा आणायच्या, काका बाकावर बसून कुठली तरी जुनी गाडी, कुठला तरी सापडायला आठवडा लागलेला दोष सांगायचे. माझं खरं शिक्षण त्या दहा-दहा मिनिटांत झालं.

काकांचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे त्यांची वही. जाड पुठ्ठ्याची, पानांना तेलाचे डाग. तिच्यात फक्त निरोगी गाड्यांची मापं असायची. गाडी दिव्याचा बल्ब बदलायला आली असली तरी काका मालकाला विचारून तिची बटणं मोजून घ्यायचे. म्हणायचे, "आजारी गाडी आली की मग कुठे शोधशील, बरी असताना किती होतं ते?" माप बहुतेक तेच घ्यायचे आणि मोठ्यानं सांगायचे; लिहायचो मी, कारण त्यांचे हात तेलाचे आणि माझं अक्षर शाळेत बक्षीस मिळालेलं. शाईच्या पेनानं, खोडाखोड न करता. त्यांचा एकच नियम होता: जे मोजलं नाही त्याची चौकट रिकामी सोडायची. आणि तोच मी मोडला.

का मोडला, ते आता सांगायला लाज वाटत नाही. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत निम्मे मीटर बंद होते. सूत्र माहीत, उत्तर माहीत. मग उलटं गणित करून रीडिंग बसवायचं आणि जर्नल पूर्ण करायचं. सगळे तेच करत होते. अगदी सरळ रेषेतला आलेख आला तर सर म्हणायचे, "एकदोन ठिपके जरा बाजूला टाक रे, खरं वाटू दे." आम्ही ह्याला लबाडी समजत नव्हतो, प्रॅक्टिकल समजत होतो.

लॉरेन्स नावाचे केटरिंगवाले शेजारच्या बोळात राहायचे. त्यांची गाडी मागचा दिवा बदलायला आली. काकांनी बटणांची पट्टी उतरवली आणि एकेक आकडा सांगायला लागले. पंचाहत्तर, दीडशे, तीनशे, सहाशे. एवढ्यात काकूंनी गॅसचा सिलिंडर आत घ्यायला हाक मारली. "दत्ता, शेवटची दोन तू घे," काका म्हणाले, "फोन उचलायचं नि ठेवायचं." ते आत गेले आणि लॉरेन्स दारात येऊन उभे. "अरे पोरा, हॉलवर दोनशे माणूस जेवायला बसलाय आणि बिर्याणी माझ्या डिकीत आहे. दे ना लवकर." मी वहीकडे बघितलं. चार आकडे दुपटीनं वाढत गेले होते. पाचवा बाराशे, सहावा चोवीसशे. यात मोजायचं काय? मी पट्टी बसवली, गाडी दिली आणि शाईनं दोन आकडे लिहिले. काकांनी बाहेर येऊन विचारलं, "घेतलंस?" मी म्हणालो, "घेतलं." आणि विसरून गेलो.

चारएक महिन्यांनी शिरोडकर मॅडम आल्या. त्या फिजिओथेरपिस्ट, म्हाताऱ्या पेशंटांच्या घरी जाऊन व्यायाम करून घ्यायच्या, दिवसभर गाडीत. गाडी लॉरेन्सच्या गाडीसारखीच, त्याच मॉडेलची. "काका, फोन वाजतो, मी स्टिअरिंगवरचं बटण दाबते, कधी उचलला जातो, कधी नाही. पेशंटना वाटतं बाई माजली." काकांनी पट्टी उतरवून मीटर लावला. पहिली चार बटणं वहीशी तंतोतंत जुळली. पाचव्याला मीटरवर हजार आले. काकांनी वही बघितली: बाराशे. परत दाबलं, परत हजार. "बटण गेलंय," त्यांनी सांगितलं. "पट्टी नवीन घ्या, मी बसवून देतो." काकांनी एकदा निदान केलं की ते बदलायची वेळ कधी यायची नाही, हे आजूबाजूच्या चार गॅरेजना माहीत होतं. मॅडमनी पट्टी मागवली, आम्ही बसवली. तीन दिवसांनी त्या दारात उभ्या. "काका, बाई अजून माजलेलीच आहे."

बॅटरीची तार काढून आम्ही बाकावर बसलो. त्या दहा मिनिटांत काकांनी पहिल्यांदाच कुठली गोष्ट सांगितली नाही, जुनी पट्टी हातात फिरवत राहिले. मग त्यांनी नवी पट्टी मोजली. हजार. जुनी मोजली. हजार. वही डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, परत जवळ आणली. मला लॉरेन्सची बिर्याणी आठवली. काकांनी वही मिटली आणि मला गाडीत बसवलं. स्वतः खाली वाकून चाकाच्या मागच्या वायरींना मीटर लावला. "बटण दाबून ठेव आणि चाक हळूहळू फिरव." उजवीकडे आकडा हलला नाही. डावीकडे अर्ध्या फेऱ्यानंतर एकदम गायब, सरळ केल्यावर परत हजर. चाक फिरताना वायरी तुटू नयेत म्हणून आत गुंडाळलेली एक चपटी फीत असते, क्लॉक स्प्रिंग म्हणतात तिला. ती चिरली होती. खरं तर सहाही बटणं डाव्या वळणावर मरत होती. पण मॅडम गाणी ऐकायच्या नाहीत, त्यांना फक्त फोनचं बटण माहीत. वहीत हजार लिहिलेलं असतं तर बटणांची पट्टी ठीक आहे हे काकांना पहिल्याच दिवशी कळलं असतं आणि त्यांनी तेव्हाच चाक फिरवून बघितलं असतं. माझ्या बाराशेनं त्यांना उत्तर आयतं दिलं आणि त्यांचा शोध तिथेच थांबला.

काकांनी मॅडमची माफी मागितली. त्या हसल्या, "अहो, चालायचंच. आता माझ्याकडे स्पेअर आहे." त्या गेल्यावर काकांनी मीटर पुसला, पिवळ्या फडक्यात गुंडाळला आणि कपाटात ठेवला. एरवी तो शेडमध्ये खिळ्याला टांगलेला असायचा.

जेवताना ते काकूंना म्हणाले, "हजाराला मी बाराशे वाचलं गं. लॉरेन्सच्या गाडीच्या वेळी. डॉक्टर म्हणाला होता ना, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू धरतोय."

"मग काय झालं?" काकू म्हणाल्या. "मी कालवणात दोनदा मीठ घालते, तुम्ही गप जेवता."

"मिठाचं जिभेला कळतं. इथे माणूस माझ्या शब्दावर गाडी घेऊन रस्त्यावर जातो." मग विमान गेलं. आम्ही तिघं थांबलो. "आता किती आकडे असे चुकलेत, मला काय माहीत? तो कुरियरवाला गोडाऊनसाठी शेड मागतोय ना, त्याला हो सांगू. गिऱ्हाईकं सगळी ह्याला देतो. दत्ता हुशार आहे, कुठे पण जागा बघेल."

मी ताटात बघत होतो. शेवटची दोन मापं मला घ्यायला सांगितली होती हे काकांच्या लक्षातही नव्हतं. मी बोललो नाही तर काकांची तीस वर्षांची गिऱ्हाईकं माझी होणार होती. बोलायचं मनात होतं, हे मी देवाशपथ सांगतो. पण काकांनी "हुशार आहे" म्हणताना माझ्या पाठीवर हात ठेवला होता. तो हात तिथे असताना माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका मुलीकडे उत्तनला गेले. आठवडाभर राहून, विचार करून, कुरियरवाल्याला कळवणार होते. मी फोन केला. पलीकडून "बोल रे" आलं, मागे नातवंडांचा दंगा आणि समुद्राचा वारा. मी म्हणालो, "काही नाही, काकू बऱ्या आहेत." काकू शेजारीच तांदूळ निवडत होत्या. "मी बरी आहे हे सांगायला फोन? मला काय झालं होतं?"

मग मी वही काढली आणि पहिल्या पानापासून बसलो. बसवलेले आकडे शोधावे लागले नाहीत. प्रत्येक आकडा लिहिताना कोण घाई करत होतं, हेसुद्धा आठवत होतं. एकूण पाच निघाले, चार पानांवर. त्यातले दोन लॉरेन्सच्या गाडीचे. दुपारी लॉरेन्सकडे गेलो आणि गाडी परत मोजू द्या म्हणून विनंती केली. ते म्हणाले, "का रे, दिव्याचं बिल द्यायचं राहिलं काय?" खरं कारण सांगितलं. काकांच्या आधी ते कळलं लॉरेन्सना. त्यांनी किल्ली दिली आणि स्टूल आणून शेजारी बसले. तार काढली, दहा मिनिटं थांबलो, सहाही बटणं तीन-तीनदा मोजली. मग शेडमध्ये येऊन, बाकावर बसून पत्र लिहिलं. शनिवारी काकू मसाल्याची बाटली घेऊन लेकीकडे जाणार होत्या. त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पाकीट उलटंसुलटं केलं. "चिठ्ठी कसली? मुलगी बघितलीस की काय?" मी नाही म्हणालो. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पाकीट पिशवीत टाकलं.

रविवारी संध्याकाळी काका काकूंबरोबर परत आले. मला वाटलं होतं रागावतील, किंवा मिठी मारतील. त्यांनी बूट काढले, शेडमध्ये येऊन विचारलं, "लॉरेन्सचं रीडिंग कुठल्या मीटरनं घेतलंस?" मी सांगितलं, तुमच्याच. "मग उद्यापासून बाकीच्या तीन गाड्यांचे मालक शोध. जा बोलवून आण एकेकाला." तिन्ही मालकांना मलाच सांगावं लागलं, का बोलावलंय ते. ती माझी शिक्षा, आणि इतकीच. कुरियरवाल्याला काकूंनी परस्पर वाटेला लावलं. डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात झालं, आणि त्यानंतर काकांनी आठ वर्षं मीटर धरला. त्यातली पहिली तीन मी शेजारी होतो. मी आज विद्यार्थ्यांच्या जर्नलमध्ये रिकामी चौकट दिसली तर मार्क कापत नाही. फार सुबक जर्नल आलं, तर मात्र त्या मुलाला बोलावून बाकावर बसवतो आणि चहा मागवतो.

ते पत्र काकूंनी प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं होतं. मागच्या वर्षी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी दाखवलं. मी त्याची झेरॉक्स काढून आणली. शुद्धलेखन तेवढं सुधारून इथे देतो.

ती. इनासकाकांना दत्ताचा नमस्कार.

हे मी तोंडानं सांगायला हवं होतं. जेवताना जमलं नाही, फोनवर जमलं नाही, म्हणून लिहितो.

लॉरेन्स अंकलच्या गाडीची पहिली चार मापं तुम्ही घेतली होती. पाचवं आणि सहावं तुम्ही मला घ्यायला सांगितलं होतं, कारण काकूंनी सिलिंडरसाठी हाक मारली होती. तुम्ही हे विसरलात. मी विसरलो नव्हतो, पण गप्प राहिलो. ती दोन मापं मी घेतलीच नाहीत. वरचे आकडे दुप्पट होत होते म्हणून पुढचे हिशोबानं लिहिले. तुम्ही विचारलंत तेव्हा घेतलं म्हणून सांगितलं. ते खोटं होतं.

आज त्यांची गाडी परत मोजली. पाचवं हजार आहे, सहावं अठराशे. तीन-तीनदा घेतलं. लॉरेन्स अंकल शेजारी बसले होते, त्यांना विचारा.

वहीत असे अजून तीन आकडे आहेत. ते खोडून मी चौकटी रिकाम्या केल्या आहेत. शाईचं असल्यामुळे पान खराब दिसतं, त्याबद्दल माफी असावी. बाकी सगळे आकडे तुम्ही सांगितलेले आहेत आणि मी ऐकून लिहिलेले आहेत. ते बरोबर आहेत.

शिरोडकर मॅडमना मी फोन करून सांगितलं, की पट्टी तुमच्यामुळे नाही, माझ्यामुळे घ्यावी लागली. त्या म्हणाल्या, काकांना सांगितलंस का? मी म्हणालो, सांगतोय.

गिऱ्हाईकं मला देऊ नका. तुमच्या नावावर येणाऱ्या माणसांना तोंड दाखवण्याइतकं काम मला अजून येत नाही. मला ठेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. ठेवलं नाहीत तरी माझ्या मनात काही येणार नाही. मला जे येतं ते सगळं तुमच्याच शेडमध्ये आलेलं आहे. पण शेड देऊ नका.

मोतीबिंदू असेल तर काढून घ्यावा. पण ह्या चुकीसाठी डोळ्यांना बोल लावू नका. बाराशे हा आकडा तुम्ही कधी वाचलाच नव्हता, काका.

आपला,
दत्ता